कमरेच्या ग्लॉकसाठी गनस्मिथ: डॅलसच्या उत्तरेकडचं एक छोटं वर्कशॉप

पिस्तूल ग्लॉक १९, पाचवी पिढी, ९ मिमी. एमओएस नाही, म्हणजे कारखान्यातूनच रेड डॉटसाठी (काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरून देणारी साइट) जागा कापून आलेलं नाही. कामं तीन: स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा पोलादी भाग) मिल करून त्यात ट्रिजिकॉन आरएमआर हा रेड डॉट बसवणं, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच बदलून उंच लावणं, आणि कापलेल्या स्लाइडवर सेराकोट, म्हणजे भट्टीत भाजलेला रंगाचा थर. मजुरी अनुक्रमे १६०, ३५ आणि ९० डॉलर, सामान गिऱ्हाइकाचं. तीन आठवड्यांचा वायदा होता, चारच्या वर गेले. चौथं काम, म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर साडेतीन पाउंडांवर आणणं, दुकानाने केलं नाही. पाचपैकी चार तारे. कापलेला तारा चाप नाकारल्याबद्दल नाही, रंगकामाबद्दल आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. काउंटरमागे 'ग्लॉक सर्टिफाइड आर्मरर' असं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. तो कोर्स एका दिवसाचा. त्यात पिस्तूल पूर्ण उघडणं, तपासणं आणि कंपनीचे भाग बदलणं शिकवतात. माशी बदलायला तेवढं पुरतं. स्लाइडचं पोलाद कापायला पुरत नाही. ते मशिनिस्टचं काम. म्हणून दुकानात शिरल्यावर प्रमाणपत्राआधी मिलिंग मशीन शोधा. दिसलं नाही तर स्लाइड बाहेर पाठवली जाणार, आणि मग 'लोकल'चा फायदा एवढाच की पार्सल तुम्हाला बांधावं लागत नाही. इथे मिल दुकानातच आहे, आणि ग्लॉकची स्लाइड पकडायला खास बनवलेले जबडे आहेत. साध्या शिकंज्यात स्लाइड धरली की ती कणभर तिरकी बसते. मग डॉट कायम एका बाजूला ओढलेला राहतो आणि त्याच्या सेटिंगचा अर्धा पल्ला ते सावरण्यातच संपतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेत गनस्मिथचा धंदा करायला फेडरल लायसन्स लागतं, साधारणतः टाइप ०१. दुकानाने दिलेल्या नंबरातले पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्याच्या 'ईझी चेक' पानावर टाकले की लायसन्स चालू आहे का ते कळतं. पिस्तूल रात्रभर दुकानात राहणार असेल तर सीरियल नंबरासकट वहीत नोंद झालीच पाहिजे. तुमच्यासमोर उभ्याउभ्या माशी बदलून दिली तर नोंद लागत नाही. ज्याने दिलं त्यालाच परत देताना फॉर्म ४४७३ (बंदूक विकत घेताना भरायचा फेडरल फॉर्म) भरावा लागत नाही. बायकोला किंवा भावाला आणायला पाठवलंत तर मात्र तो फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी दोन्ही आली. या दुकानाने पिस्तूल घेताना नंबर मोठ्याने वाचून लिहिला, पावतीवर टाकला आणि गिऱ्हाइकाकडून ताडून घेतला. वहीची शिस्त असेल तिथे स्क्रूचीही असते, असा ठोकताळा आहे.

आपल्या मंडळींसाठी एक सूचना. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे ऐकून एच-१बी वाले उत्साहात येतात. राज्याचा कायदा वेगळा, फेडरल वेगळा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर दरवाजा बंद. ग्रीन कार्डाचं गणित निराळं. व्हिसावर असाल तर दुकानात जायच्या आधी वकिलाकडे जा.

आता मुख्य काम. एमओएस पिस्तूल घेऊन त्यावर प्लेट लावली तर मिलिंगचा खर्च वाचतो, पण डॉट उंच बसतो आणि स्क्रूचे दोन थर होतात: प्लेट स्लाइडला, डॉट प्लेटला. ढिला पडायला दोन जागा. थेट मिल केलेल्या स्लाइडमध्ये डॉट खोल बसतो, उंच माशी काचेतून दिसते आणि बॅटरी मेली तरी नेम धरता येतो.

पॉकेट, म्हणजे डॉट बसायला स्लाइडमध्ये कापलेला खड्डा, चांगलं कापलंय की नाही हे स्क्रू न लावता कळतं. आरएमआर नुसता ठेवायचा आणि बोटाने मागेपुढे ढकलायचा. खुळखुळला तर काम वाया. इथे तो अंगठ्याने दाबून बसवावा लागला आणि उपडं केल्यावरही पडला नाही. पॉकेटच्या तळाला दोन बुटके गोल खुंट ठेवलेत, ते आरएमआरच्या पोटातल्या खळग्यांत शिरतात. हे महत्त्वाचं, कारण स्लाइड मागे आदळते तेव्हाचा धक्का या खुंटांनी आणि पॉकेटच्या भिंतींनी खायचा असतो. स्वस्तातले लोक तळ सपाट कापून मोकळे होतात. मग सगळा मार दोन ६-३२ स्क्रूंवर येतो, आणि एखाद्या दिवशी मुंडकं तुटून डॉट कपाळाकडे येतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्क्रूच्या लांबीत. ग्लॉकच्या स्लाइडमध्ये उजव्या स्क्रूच्या बरोबर खाली एक्स्ट्रॅक्टरच्या दांडीचा बोगदा आहे. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळी ओढून बाहेर काढणारा आकडा. त्याला दाब देणारी दांडी आणि स्प्रिंग त्या बोगद्यात असतात. स्क्रू अर्धा मिलिमीटर लांब झाला तरी टोक दांडीला टेकतं, आकडा जाम होतो आणि पुंगळ्या आतच अडकायला लागतात. गिऱ्हाईक दोष देतं काडतुसांना. लॉकटाइट ओतून लावलं तरी तेच होतं: जादाचा थेंब आरपार भोकातून खाली उतरतो आणि दांडी चिकटवून टाकतो. या कारागिराने स्क्रू घट्ट केल्यावर स्लाइडचं मागचं झाकण काढलं, दांडी प्लास्टिकच्या पंचने दाबून सोडली, ती टुणकन परत आली. मग आकड्याखाली डमी काडतूस सरकवून स्लाइड हातात हलवली. काडतूस धरून राहिलं. एकूण दीड मिनिटाचं काम. हे न करता डॉट लावून देणारी दुकानं बरीच आहेत.

स्क्रू १२ इंच-पाउंडांवर, टॉर्क रेंचने. आधी आटे अल्कोहोलने पुसून कोरडे, मग निळं लॉकटाइट, लाल नव्हे. लाल लावलंत तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय स्क्रू सुटणार नाही. २४ तास वाळल्याशिवाय गोळीबार नाही. स्क्रूच्या मुंडक्यापासून आरएमआरच्या अंगापर्यंत पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढून दिलीय. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. आरएमआरची सीआर२०३२ बॅटरी पोटाखाली असते, त्यामुळे ती बदलताना हे सगळं पुन्हा करावं लागतं, नेमसुद्धा पुन्हा तपासावा लागतो. ही कटकट नको असेल तर त्याच पॉकेटमध्ये बसणारा, बाजूने बॅटरी घालायचा होलोसन ५०७सी घ्या. काचेवर वरून फटका बसला तर तो झेलायला आरएमआरचं कवच सरस, निवड तुमची.

माशी आणि खाच. ग्लॉकची पुढची माशी खालून एका इवल्या षटकोनी स्क्रूने धरलेली असते, ३/१६ इंची पान्याने निघते. मागची खाच कबुतरशेपटी खोबणीत आडवी सरकते. ती पितळी पंच आणि हातोडीने ठोकून बसवणारे आहेत. ट्रिटियमच्या, म्हणजे अंधारात आपोआप उजळणाऱ्या माशांना हा प्रकार चालत नाही, आतली काचेची नळी तडकते. इथे साइट पुशर वापरला. हे हळुवार काम का, त्याचं गणित साधं आहे: ग्लॉक १९ च्या माशीपासून खाचेपर्यंतचं अंतर साधारण १५२ मिमी. खाच एक मिलिमीटर बाजूला सरकली तर २५ यार्डांवर गोळी १५ सेंमी सरकते. डोळ्यांनी मध्य साधून चालत नाही. इथे कॅलिपरने दोन्ही बाजू मोजल्या. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे बारा वर्षांनी उजेड निम्मा. डब्यावरची उत्पादनाची तारीख पाहूनच घ्या, दुकानाच्या फळीवर चार वर्षं पडलेला जोड कमी किमतीलाही नको.

चाप. बाळगायच्या पिस्तुलाचा चाप कारखान्याच्या साडेपाच पाउंडांच्या आसपास राहू द्यावा, हे दुकानाचं मत आणि ते बरोबर आहे. ग्लॉकचाच मायनस खुणेचा कनेक्टर (चापाचा जोर ठरवणारी पट्टी) टाकायला ते तयार होते, त्याने पाऊणएक पाउंड उतरतो. नकार होता स्ट्रायकरची (काडतुसाच्या बुडावर आदळणारी खीळ) हलकी स्प्रिंग टाकायला आणि स्ट्रायकरला अडवून धरणाऱ्या पकडीच्या कडा घासायला. हलक्या स्प्रिंगने कठीण प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) फटका कमी पडतो, गोळी उडतच नाही. कडा गोलावल्या तर पकड निसटू शकते. त्याऐवजी त्यांनी आहे तो चाप तपासून दिला: मागच्या झाकणाजागी खिडकी असलेलं नारिंगी झाकण लावून स्ट्रायकरची जीभ किमान दोन तृतीयांश पकडीत आहे हे दाखवलं, आणि गेजवर दहा वेळा ओढून सरासरी कागदावर लिहिली. खरं तर नव्या ग्लॉकचा चाप पाचेकशे गोळ्यांनंतर आपोआप मऊ होतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

मुठीवर स्टिपलिंग (तापवून खरखरीत ठिपके उठवणं) करून देतात, पण शर्टाच्या आत बाळगणाऱ्याला अंगाकडची बाजू खरखरीत करू नका म्हणून सांगतात. सँडपेपरसारखी मूठ महिनाभरात सदऱ्याचं अस्तर आणि कमरेची कातडी दोन्ही सोलते. पॉलिमर एकदा वितळवलं की परत भरता येत नाही.

आता तारा कापल्याचं कारण. कापल्यावर पॉकेटमध्ये उघडं पोलाद राहतं; ग्लॉकचा मूळ थर तिथून निघून जातो. टेक्ससच्या घामात ते दोन आठवड्यांत तांबूस होतं, म्हणून सेराकोट हवाच. तो भट्टीत, साधारण १२० सेल्सियसला दोन तास भाजतात. माश्या, स्प्रिंगा, प्लास्टिकचे भाग आधी काढून. इथवर ठीक. पण पॉकेटच्या मागच्या कोपऱ्यात थर जाड झालाय, वाळलेल्या दुधाच्या सायीसारखी सुरकुती आहे. आरएमआरखाली झाकली जाते म्हणून चालवून घेतात, पण जाड थरावर डॉट बसवला की काही शे गोळ्यांत तो थर दबतो आणि तेवढाच स्क्रू ढिला होतो. म्हणून दोनशे गोळ्यांनंतर स्क्रू काढून, पुसून, पुन्हा टॉर्क करून घ्या. दुकान हे फुकट करून देतं, पण विचारावं लागतं.

दुसरी उणीव: ते फक्त वीस गोळ्या उडवून बघतात. तेवढ्याने भरवसा येत नाही. किमान दोनशे साध्या १२४ ग्रेनच्या आणि पन्नास त्याच पोकळ टोकाच्या, ज्या रोज मॅगझिनमध्ये असणार, असा हिशेब धरा. नेम १० यार्डांवर जुळवून २५ वर पडताळा. सगळी मॅगझिनं फिरवून वापरा, नाहीतर मॅगझिनच्या दोषाचं खापर गनस्मिथवर फुटतं.

आणि घरी नेऊन जुन्या कायडेक्स (कडक प्लास्टिकच्या) होल्स्टरमध्ये खुपसू नका. वरचा भाग डॉटसाठी कापलेला नसेल तर पिस्तूल आत जाणारच नाही. कापलेला असला तरी पुढच्या माशीसाठीची खोबण उंच माशीला पुरेल इतकी खोल हवी. कमी पडली तर प्रत्येक वेळी काढताना माशी प्लास्टिकचा पापुद्रा खरवडते, आणि तो बरोबर ट्रिटियमच्या ठिपक्यावर चिकटून बसतो.