आयबानेझ जीवा १०: गिटार खणखणीत, पण ब्रिजशी जमवून घ्यावं लागतं

बाईच्या नावाची सिग्नेचर गिटार म्हटली की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर काहीतरी छोटं, हलकं, गुलाबी झाक असलेलं ‘लेडीज स्पेशल’ येतं. निता स्ट्रॉसच्या जीवा १० मध्ये तसलं काही नाही. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, पूर्ण साडेपंचवीस इंची, फ्रेट २४, बॉडी महोगनीची, वर क्विल्टेड मेपल आणि ब्रिज, म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकतात तो भाग, दोन्हीकडून लॉक होणारा तरंगता ट्रेमोलो: आर्म नावाची दांडी दाबून-ओढून सूर उतरवता-चढवता येणारा. वेगानं लीड वाजवणाऱ्याला जे लागतं तेच सगळं. निता आयर्न मेडनची गाणी वाजवणाऱ्या द आयर्न मेडन्स या बायकांच्या बँडमध्ये वाजवायची, २०१४ मध्ये गिटारवादक ओरियांथीच्या जागी अ‍ॅलिस कूपरच्या बँडमध्ये आली. रोज रात्री स्टेजवर उभं राहणाऱ्या वादकाची ही गिटार आहे आणि हातात घेतल्यावर ते कळतं.

नावाचं म्हणाल तर ते संस्कृतातल्या ‘जीव’वरून घेतलंय. एबनीच्या फिंगरबोर्डवरचं इनलेही हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखासारखं आहे. दिसायला झकास, पण वाजवताना नजर बाजूच्या ठिपक्यांवरच असते.

बॉडी आयबानेझच्या एस मालिकेची: मध्ये जाड, कडेला अगदी पातळ. बसून वाजवताना बरगडीत काही टोचत नाही आणि तासभर उभं राहूनही खांदा भरून येत नाही. नेक सपाट आणि सडपातळ आहे. लेगाटो (दर स्वराला पिक न मारता सलग वाजवणं), दोन्ही हातांचं टॅपिंग, चोविसाव्या फ्रेटपर्यंतची धाव हे सगळं विनासायास होतं. मात्र जाडजूड नेक मुठीत धरून पॉवर कॉर्ड ठोकायची सवय असेल, तर पहिले काही दिवस अंगठा दुखेल.

पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे चुंबक, डिमार्झिओ कंपनीचे. नेक आणि ब्रिजला नितासाठी बनवलेले पँडेमोनियम हंबकर (दुहेरी कॉइलचे पिकअप), मध्ये ट्रू व्हेल्व्हेट सिंगल कॉइल. भरपूर गेनवरही ब्रिजचा पिकअप चिखल होऊ देत नाही, पाचव्या-सहाव्या तारेवरच्या रिफमधला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. मधल्या पिकअपचा मेटलमध्ये उपयोग थोडा आणि अडचण जास्त, कारण जोरात पिकिंग करताना पिक त्याला आपटतं. स्क्रू फिरवून तो खाली उतरवला की प्रश्न मिटतो. हंबकरची उंची ठरवताना शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमध्ये दोन ते तीन मिलिमीटर जागा ठेवा. त्याहून जवळ आणलं तर आवाज थोडा वाढतो, पण चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो. मग लोक इंटोनेशनच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागण्याच्या, मागे लागतात, चूक मात्र पिकअपच्या उंचीत असते.

आता खरा मुद्दा, एज झीरो २ ब्रिज. हा ब्रिज दोन खिळ्यांवर धारेनं टेकलेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि या रस्सीखेचीत तो मधोमध तरंगतो. एका बाजूचा जोर बदलला की सगळंच बदलतं. सहावी तार ड्रॉप डीसाठी (ईवरून डीपर्यंत) सैल केली की स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. तार तुटली तरी तेच. दोन तारा वाजवत एकच बेंड केली, म्हणजे बोटानं ओढून चढवली, तर दुसरी उतरते. पाम म्यूट करताना, म्हणजे तारा तळहातानं हलक्या दाबून वाजवताना, हाताचा भार ब्रिजच्या मागच्या कडेवर पडला तर सूर चढतो. यातलं काहीही बिघाड नाही, तरंगत्या ब्रिजचा स्वभावच असा. पण हे माहीत नसताना घेणारा महिन्याभरात ‘ट्यूनिंग टिकत नाही’ म्हणून गिटार विकायला काढतो.

कारखान्यातून ही ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या तारांवर, स्टँडर्ड ईमध्ये (नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये) येते. त्या सेटचा एकूण ताण साधारण ३८ किलो. सगळ्या तारा एक स्वर खाली, म्हणजे डी स्टँडर्डला नेल्या तर ताण ३० किलोच्या आसपास उतरतो आणि ब्रिज मागे बसतो. त्याऐवजी ०.०१० ते ०.०४६ चा सेट लावा. डी स्टँडर्डला त्याचा ताण ३७ किलोच्या जवळ येतो, म्हणजे मूळच्याइतकाच, आणि स्प्रिंगांना जवळजवळ हात लावावा लागत नाही. दोन स्वर खाली, सी स्टँडर्डला ०.०१२ ते ०.०५४ चा सेट त्याहून थोड्या जास्त ताणावर बसतो, पण तेवढ्या जाड तारा नटाच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या आधाराच्या) खाचांत नीट बसतात का ते आधी बघा. तारांचं माप बदलल्यावर फिरवावं काय, स्प्रिंगा की ट्रस रॉड (नेकमधली सळई), याची डोकेदुखी या हिशेबानं निम्मी होते.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका. आधी मागचं झाकण काढून ट्रेमोलोच्या ब्लॉकच्या नेककडच्या बाजूला लाकडाची मापाची चकती सरकवा, म्हणजे ब्रिज आडवा राहील. तारेचं गोळ्याचं टोक कापून ती सॅडलमध्ये (ब्रिजवर तार धरणाऱ्या भागात) घट्ट आवळा. नटावरचे लॉक उघडे ठेवून ट्यून करा आणि तारा हातानं ताणून पुन्हा ट्यून करा. ही ओढाताण चार-पाच फेऱ्या चालते, कारण एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. ब्रिजवरचे फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) त्याआधीच मधोमध आणून ठेवा, नाहीतर लॉक केल्यावर फिरवायला जागाच उरत नाही. नटाचे लॉक तीन मिलिमीटरच्या अ‍ॅलन चावीनं बेतानं आवळायचे. जास्त जोर लावला तर पट्टीवर तारेची खाच पडते आणि मग लॉक करताना तार सरकते.

चकती काढल्यावर ब्रिज पुढे झुकला तर स्प्रिंगांच्या पंजाचे (स्प्रिंगा बॉडीला धरणाऱ्या पट्टीचे) दोन स्क्रू पाव-पाव फेरा आत, मागे बसला तर तेवढेच बाहेर, आणि दर वेळी पुन्हा ट्यूनिंग. घाईत अर्धा फेरा फिरवणारे तासभर गोल गोल फिरत राहतात. त्यानंतर नेक तपासा: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.५ आणि सहावी २ मिमी ठेवली की वेगही मिळतो आणि फ्रेटवर तार खडखडत नाही.

ड्रॉप ट्यूनिंग सतत लागत असेल आणि आर्म फक्त खाली दाबायला वापरत असाल, तर तीच लाकडी चकती कायमची ठेवून पंजा किंचित आवळा. ब्रिज मागे जाणं थांबतं, डाइव्ह, म्हणजे आर्म दाबून सूर खोल नेणं, चालू राहतं. वर ओढून होणारा तो कंप मात्र गेला. लीड वादकासाठी हा सौदा वाईट, रिफवाल्यासाठी चांगला.

निव्वळ रिफच वाजवायचे असतील तर मुळात ही गिटार कशाला? टेट्रार्क या मेटल बँडच्या डायमंड रोच्या जॅक्सन सिग्नेचरवर एव्हरट्यून ब्रिज आहे. त्यात प्रत्येक तारेला स्वतंत्र स्प्रिंग आणि तरफ असते, त्यामुळे कितीही जोरात ठोकलं तरी सूर हलत नाही. आर्म नाही, आणि बेंडसाठी प्रत्येक तार बरोबर सीमेवर लावून ठेवावी लागते, पण खोल ट्यूनिंगच्या भिंतीसारख्या रिदमला तिला तोड नाही. हेलस्टॉर्म बँडच्या लिझी हेलची गिब्सन एक्सप्लोरर तिसऱ्याच वळणाची: स्केल पावणेपंचवीस इंची, ब्रिज पक्का, गाता गाता दणकून वाजवायला सोपी. ट्यूनिंग बदलायला तिच्यावर दोन मिनिटं पुरतात.

जीवा १० घ्यावी ती सोलो वाजवणाऱ्यानं, आर्म खरोखर वापरणाऱ्यानं आणि बहुतेक वेळ एकाच ट्यूनिंगमध्ये राहणाऱ्यानं. दुकानात वाजवून बघताना अ‍ॅम्प लावायच्या आधी एवढं करा: आर्म पूर्ण खाली दाबून सोडा, मग वर ओढून सोडा आणि दोन्ही वेळा ट्यूनर बघा. सूर दोन्हीकडून एकाच जागी परत आला पाहिजे. नाही आला तर ब्रिजची धार किंवा खिळे तपासायला सांगा, रंगावर भाळून पैसे मोजू नका.