शाळेचा माहितीपट: केळकर संग्रहालय की औंध?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलांना विषय शोधत बसावं लागत नाही. नक्षीदार अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दिवे; एकेका वस्तूवर पाच मिनिटांची फिल्म होते. आजीला ‘अडकित्ता कसा धरायचा?’ विचारलं की मुलाखतही तयार! फक्त काचेत आपलाच कॅमेरा दिसतो. तो जरा तिरका धरावा.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्रीभवानी संग्रहालय १९३८ सालचं, यमाईच्या डोंगरावर. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या या संग्रहात रविवर्म्याची चित्रं आहेत, शिवाय चक्क ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प. ते इतक्या आडगावी आलं कसं, हीच पटकथा. बसचा खर्च मात्र आहेच.

पाचवी-सहावीला केळकर बरं. नववीची मुलं असतील तर मी औंधच निवडेन. चित्रीकरणाची परवानगी दोन्हीकडे आधी विचारून ठेवा.