हिवी की हॉटेल?

जर्मनीत मास्टर्सला आलेल्या आपल्या मुलांपुढे पहिल्या हिवाळ्यातच हा पेच येतो. विद्यापीठात हिवी, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थी-सहायक, व्हायचं की हॉटेलच्या किचनमध्ये मिनीजॉब, म्हणजे महिन्याला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच कमाईची छोटी नोकरी, धरायचा? मी दोन्ही केलंय. आधी आठ महिने हॉटेल, नंतर हिवी.

पैशात फार फरक पडत नाही. 2026 मध्ये किमान वेतन ताशी 13.90 युरो आणि मिनीजॉबची मर्यादा महिन्याला 603, म्हणजे साधारण त्रेचाळीस तास. आठवड्याला दहा तासांचं हिवीचं कंत्राटही त्याच्याच आसपास येतं. हॉटेलात रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटतो, हे मात्र खरं. घरी येऊन कुकर लावायचा कंटाळा असणाऱ्याला त्याची किंमत मी सांगायला नको.

भाषेच्या बाबतीत हॉटेल सरळ पुढे. जर्मनचा बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचा, वर्ग करूनही माझं तोंड उघडत नव्हतं. भांड्यांच्या ढिगामागे उभं राहून शेफच्या शिव्या कळायला लागल्या तेव्हा कुठे जर्मन कानात बसली. आमच्या हिवीच्या ग्रुपमध्ये सगळे इंग्रजीच बोलतात, त्यामुळे माझी जर्मन आता गंजत चालली आहे.

मग हॉटेल सोडलं का? डीन्स्टप्लानमुळे. पुढच्या आठवड्याच्या ड्युट्यांचा हा कागद. आमच्याकडे त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा रविवारी रात्री दहानंतर, आणि आठवडा सोमवारीच सुरू. अभ्यास, लायब्ररी, मित्राकडे जेवण, काहीच आधी ठरवता यायचं नाही. रविवारी संध्याकाळपासून मी फोनकडे बघत बसायचो. एकदा मंगळवारी सकाळी पेपर होता आणि फोटोत माझं नाव सोमवारी पाच ते अकरा. बदली मागितली तर उत्तर आलं, ‘मिनीजॉबला रजा नसते.’ हे खोटं आहे, मिनीजॉबलाही कायद्याने पगारी रजा असते, पण ते मला फार उशिरा कळलं. पेपर गेला. इथे बहुतेक विषयांत पास व्हायला तीनच संधी मिळतात, त्यामुळे त्या एका संध्याकाळची धास्ती पुढे सेमिस्टरभर पुरली. सगळीच हॉटेलं अशी नसतील. माझ्या वाट्याला आलं ते हे.

हिवीत परीक्षेच्या आठवड्यात ‘पुढच्या आठवड्यात भरून काढतो’ म्हटलं की चालतं. निदान आमच्या ग्रुपमध्ये तरी.

आणखी एक मुद्दा, जो सीनियर सहसा सांगत नाहीत. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं (मार्च 2024 आधी हे 120 आणि 240 होते). हिवीचं काम यात धरत नाहीत. म्हणजे ते दिवस शिल्लक राहतात आणि सुट्टीत एखाद्या कंपनीत पूर्णवेळ काम करायचं तर उपयोगी पडतात. हॉटेलात मी ते पाच-पाच तासांच्या ड्युट्यांवर उधळले. दिवस मोजताना चार तासांच्या वर गेलं की तो पूर्ण दिवस धरतात.

तरी जर्मन पक्की करायची असेल आणि पहिल्या सेमिस्टरला विषय कमी घेतले असतील, तर चार-सहा महिने हॉटेल वाईट नाही. फक्त मुलाखतीतच विचारा, डीन्स्टप्लान किती दिवस आधी लागतो. हिवी धरणार असाल तर जागेची जाहिरात निघायची वाट न बघता ज्यांचा विषय आवडला त्या प्राध्यापकांना सरळ मेल टाका. आणि दीड-दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. माझा पहिला पगार कागदपत्रांच्या फेऱ्यांत तेवढा अडकला होता.