अक्कलकोट रोड एमआयडीसीतली बेल्ट जॉइंटची टोळी: काम पक्कं, स्कर्ट तेवढा सोडून

गळीत हंगामाच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बगॅस (उसाचा चोथा) वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टची कामं एकदमच निघतात, त्यामुळे या टोळीची तारीख लवकर धरावी लागते. काम होतं ८०० मिमी रुंद, तीन प्लायच्या (आत कापडाचे तीन थर असलेल्या) बेल्टचं: एक कोल्ड जॉइंट (उष्णता न देता सोल्युशनने चिकटवलेला जोड) आणि पूर्ण अलाइनमेंट (बेल्ट सरळ चालेल असं जुळवणं).

आल्याआल्या कोणी टेकअपच्या (बेल्टचा ताण बदलायच्या) स्क्रूला पाना लावला नाही, तिथेच त्यांचं पाणी कळलं. बेल्ट पळतोय, म्हणजे एका बाजूला सरकतोय, म्हटलं की टेल पुलीचा (मागच्या टोकाच्या पुलीचा) एक स्क्रू आवळायची सवय सगळीकडे आहे. बेल्ट तेवढ्यापुरता मध्ये येतो, पण दोन्ही कडांचा ताण वेगळा होतो, एक कड ताणली जाते आणि मग कायमचा वाकडेपणा राहतो. यांनी आधी रिकामा बेल्ट चार-पाच फेऱ्या चालवून नुसता पाहिला. बेल्टचा ठरावीक तुकडाच सगळीकडे बाहेर जात असेल तर दोष बेल्टमध्ये, बहुधा जॉइंट गुण्यात (काटकोनात) नाही. आख्खा बेल्ट एकाच जागी बाहेर जात असेल तर दोष त्या जागेच्या थोडं आधीच्या रोलरमध्ये किंवा तो धरणाऱ्या फ्रेममध्ये. इथे दोन्ही निघालं.

रिटर्न रोलरवर (परतीचा रिकामा बेल्ट ज्यावरून जातो त्या) ओल्या बगॅसचा थर बसला होता. थर एका टोकाला जास्त असला की रोलर तिथे जाड होतो आणि बेल्ट भरकटतो. तो खरवडून काढल्यावरच दोरी बांधून फ्रेम तपासली. आधी रिटर्न बाजू, ड्राइव्हकडून (मोटरच्या टोकाकडून) टेलकडे, मग भरलेली बाजू. नियम साधा आहे: बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी शिवतो, त्या टोकाकडे सरकतो. म्हणून बेल्ट डावीकडे जात असेल तर रोलरचं डावं टोक चालीच्या दिशेने पुढे घ्यायचं. एकाच फ्रेमला मोठा धक्का न देता लागोपाठच्या तीन-चार फ्रेम दोन-तीन मिमी हलवल्या आणि दर वेळी बेल्टला दोन फेऱ्या दिल्या. बोल्ट सैल करताना मेन स्विचला स्वतःचं कुलूप होतं, हेही नोंदवण्यासारखं.

जॉइंटचं काम सर्वांत सुंदर. जुन्या बेल्टची कड झिजलेली असते, तिला गुण्या लावला की जॉइंट वाकडाच बसणार. म्हणून रुंदीचे मध्यबिंदू पाच ठिकाणी काढून मधली रेघ ओढली आणि गुण्या तिलाच लावला. तिरका काप ३२० मिमीचा, म्हणजे रुंदीच्या ०.४ पट, दोन स्टेप (एकेक प्लाय सोलून केलेल्या पायऱ्या) प्रत्येकी १५० मिमी. सुरी एकाच प्लायपुरती चालली, कारण खालच्या प्लायला ओरखडा गेला की जॉइंट तिथूनच उसवतो. तीन प्लायच्या स्टेप जॉइंटची ताकद मुळातच अखंड बेल्टच्या दोन तृतीयांश उरते, त्यातलं आणखी गमावणं परवडत नाही.

सप्टेंबरची दमट हवा होती, म्हणून सोल्युशन लावण्याआधी कापड हॅलोजन दिव्याखाली सुकवलं. पहिला हात पूर्ण वाळू दिला. दुसऱ्या हातानंतर बोटाची मागची बाजू टेकवून पाहिली: चिकटतं, पण बोटाला लागून येत नाही, तेव्हाच टोकं जुळवली. रोलिंग मधून कडेकडे केलं, म्हणजे आत हवा कोंडत नाही. वरच्या शिवणीचं तोंड स्क्रॅपरला (बेल्ट खरवडून साफ करणाऱ्या पट्टीला) समोरून भिडणार नाही, ही दिशाही आधीच पाहिली. दुसऱ्या सकाळपर्यंत बेल्ट चालू करू दिला नाही. घाई करणाऱ्या सुपरवायझरला ठाम नकार दिला, ते योग्यच.

उणीव एक, पण मोठी. च्यूटखालच्या (माल बेल्टवर पडतो तिथल्या) स्कर्टला, म्हणजे माल सांडू नये म्हणून कडेने लावलेल्या आडोशाला, त्यांनी जुन्या बेल्टच्या पट्ट्या लावल्या. बेल्टच्या पट्टीत कापड असतं, त्यात वाळू-मातीचे कण रुततात आणि कानशीसारखे चालत्या बेल्टचं वरचं रबर खात राहतात. बगॅसमध्ये उसाबरोबर आलेली माती असतेच. इथे कापड नसलेलं साधं मऊ रबरच हवं. पट्ट्या काढून रबर बसवून घ्यावं लागलं, त्यात अर्धा दिवस गेला.

यांना बोलवायचं असेल तर स्कर्ट रबर आपणच आणून ठेवा, आणि बेल्ट मागवताना प्रत्येक जॉइंटमागे पाऊण मीटर जास्त धरा.