यीलिंक टी३१पी : आतल्या सेटिंगमध्ये शिरलात तरच पैसे वसूल

ऑफिसात इंटरनेट फोन घेतलाय आणि सगळ्यांची एकच ओरड, आवाज तुटतो, तर फोन बदलायच्या आधी हे वाचा. आमच्याकडे टेबलांवर यीलिंकचे टी३१पी आहेत, छोट्या ऑफिसला पुरेल असा साधा फोन, दोन एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) अकाउंट, पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच असेल तर एकाच केबलवर चालतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. दिसायला खास काही नाही, स्क्रीन छोटीच आहे. मला आवडलाय तो आतल्या सेटिंगसाठी, एंट्री लेव्हल फोनमध्ये एवढं सगळं हाताशी मिळतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

ओके बटण दाबलं की आयपी दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाकायचा. यूजरनेम पासवर्ड दोन्ही अ‍ॅडमिन असतात ते पहिले बदला, एसआयपीचं लॉगिन कुणाच्या हाती लागलं तर रात्रीतून परदेशी कॉल जातात आणि बिल तुमच्या माथी.

आवाज बिघडला की लोक आधी ऑडिओ सेटिंग चाळतात, पण दुखणं बहुतेक वेळा नेटवर्कात असतं, म्हणून आधी नेटवर्क आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडा. व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कचे नंबर देऊन केलेले वेगळे कप्पे, तिथे त्याचे दोन भाग दिसतील, वॅन पोर्ट (स्विचकडून केबल येते तो) आणि पीसी पोर्ट, फोनच्या मागून लॅपटॉपला केबल जाते तो पीसी पोर्ट. वॅनला व्हॉइसचा व्हीलॅन द्या, लॅपटॉप डेटाच्या व्हीलॅनवर राहू द्या. नंबर चुकीचा टाकला तर रीस्टार्टनंतर वेब पान उघडणारच नाही, घाबरू नका, फोनच्या मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तोच नंबर दुरुस्त करता येतो. आणि नुसतं व्हीलॅन केलं म्हणजे झालं असं नाही, बाहेर जाणारी लाइन तर एकच आहे ना! त्यासाठी खाली क्यूओएस आहे, म्हणजे कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ते सांगणारं सेटिंग, व्हॉइसला ४६ आणि एसआयपीला २६ हे आकडे कंपनीकडूनच भरलेले येतात, ते तसेच ठेवा, पण तुमचा स्विच आणि राउटर त्या आकड्यांना मान देतो का ते बघा, नाहीतर कुणी मोठी फाइल अपलोडला लावली की झालं, कॉलचे तुकडे.

एकाच बाजूचा आवाज येतो? राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या डेटात राउटर स्वतः फेरफार करतो ते) बंद करा आणि फोनच्या अकाउंट सेटिंगमध्ये आरपोर्ट (उत्तर ज्या पोर्टवरून मागणी आली तिथेच परत पाठवायला सांगणारं सेटिंग) चालू करा. आमच्या रिसेप्शनला वेगळाच ताप होता, बाहेर कॉल व्यवस्थित जायचा पण फोन थोडा वेळ शांत राहिला की येणारी रिंगच वाजायची नाही, लोक म्हणायचे तुम्ही फोन उचलत नाही. राउटर मधल्या वेळात यूडीपीची (फोनचा डेटा ज्या पद्धतीने जातो तिची) वाट बंद करत होता, कीप अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवायला फोन मधूनमधून पाठवतो तो छोटा संदेश, ३० सेकंदांवरून १५ वर आणलं आणि रिंग वाजायला लागली.

आता ऑडिओ. कोडेक म्हणजे आवाज डेटात बदलायची पद्धत, त्यांच्या यादीत क्रम महत्त्वाचा, ऑफिसातल्या ऑफिसात बोलायला जी७२२ सगळ्यात वर ठेवा, आवाज खूप मोकळा येतो, त्याखाली पीसीएमए कारण आपल्याकडे टेलिफोनला ए-लॉ (पीसीएमए वापरतो तीच आवाज साठवायची पद्धत) चालतो, पीसीएमयू तळाला. जी७११ च्या (पीसीएमए आणि पीसीएमयू दोन्ही त्यातलेच) एका कॉलला हेडर धरून प्रत्येक बाजूला साधारण ८७ केबीपीएस लागतात, आवाज जास्त दाबून पाठवणाऱ्या जी७२९ ला ३१ च्या आसपास, म्हणून लाइन अगदी बारीक असेल तरच जी७२९, होल्डचं म्युझिक त्यात अगदी भसाडं वाजतं.

जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारा आवाजाचा डेटा थोडा थांबवून सरळ लावणारी जागा, अ‍ॅडाप्टिव्हच (गरजेप्रमाणे बदलणारा) बरा, किमान ६०, कमाल २४० मिलिसेकंद. आकडे वाढवले तर तुटणं कमी होतं पण बोलणं उशिरा पोचतं आणि दोघंही एकमेकांच्या वाक्यात घुसायला लागतात. व्हीएडी (कुणी बोलत नसेल तेव्हा आवाज पाठवणं थांबवणारं सेटिंग) बंदच असू द्या, चालू केलं तर वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जायची भीती असते, हॅलोचं नुसतं लो ऐकू येतं. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तुमच्या फोनवर राग काढू नका, तो एको बहुतेकदा समोरच्या टोकाला तयार होतो, त्यांना स्पीकर बंद करून रिसीव्हर उचलायला सांगा.

एक गोष्ट घ्यायच्या आधी बघा, याचे दोन्ही पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, म्हणजे फोनमधून जोडलेल्या लॅपटॉपलाही तेवढाच वेग मिळणार. टॅली, ईमेल, ब्राउझिंगला चालून जातं, पण व्हिडिओ एडिटिंगवाली टीम असेल आणि टेबलाला एकच केबल असेल तर थोडे जास्त टाकून गिगाबिटवाला टी३१जी घ्या.