कुमारी, मधमाशी आणि चार संध्याकाळी : बेळगावातील एका अभ्यासवर्गाविषयी

बेळगावच्या कॅम्प भागातील एका सभागृहात डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ‘कुमारीच्या पोटी जन्म आणि आजचे विज्ञान’ या विषयावर मराठीतून चार संध्याकाळींचा अभ्यासवर्ग झाला. शुल्क २०० रुपये होते आणि त्यात ३२ पानांची पुस्तिका व रोजचा चहा धरलेला होता. मी खानापूर तालुक्यात ३० वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, धर्माने ख्रिस्ती नाही, आणि निवृत्तीनंतर जांबोटीकडे चार मधपेट्या सांभाळतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण या वर्गाविषयीचे माझे बरेवाईट मत त्यातूनच आलेले आहे. कॅम्पात कोकणी, कन्नड आणि इंग्रजी कार्यक्रमांची वाण नाही; मराठीतून या विषयावर सलग बोलणारे कोणी क्वचितच भेटते, म्हणून चारही दिवस खानापूरहून बसने आलो.

पहिली संध्याकाळ मूळ ग्रंथांची होती. येशू कुमारी मरीयेच्या पोटी जन्मला ही हकिगत मत्तय आणि लूक यांच्याच शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातील येशूच्या चरित्रांत, येते, मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत, आणि आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल गलतीकरांस पत्र लिहिताना ‘स्त्रीपासून जन्मलेला’ एवढेच म्हणतो, हे वर्ग घेणाऱ्या फादरांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले. त्यांनी आणखी एक घोळ मिटवला. ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणजे येशूचा कुमारीच्या पोटी जन्म, असे माझ्यासारखे बाहेरचेच काय, श्रोत्यांतले काही कॅथलिकही समजत होते. प्रत्यक्षात १८५४ साली पोप नववे पायस यांनी जाहीर केलेले ते तत्त्व मरीयेच्या स्वतःच्या गर्भधारणेविषयी आहे: ती आपल्या आईच्या पोटी आली तेव्हापासूनच आदिपापाच्या, म्हणजे प्रत्येक माणसाला जन्मतःच लागलेल्या मानल्या जाणाऱ्या पापाच्या, डागापासून मुक्त होती, असे ते सांगते. मरीयेला पिता नव्हता असे त्यात कोठेही नाही. एक उणीव मात्र राहिली. मागच्या रांगेतल्या एका मुस्लिम विद्यार्थ्याने कुराणातही मरियमचे कौमार्य आणि पित्यावाचून झालेला ईसांचा जन्म मान्य केलेला आहे, याची आठवण करून दिली, तेव्हा पुस्तिकेत त्याविषयी एक ओळही नसल्याचे ध्यानात आले. बेळगावसारख्या गावात ही ओळ असायला हवी होती.

दुसरी संध्याकाळ सर्वांत उत्तम झाली, कारण ती पूर्णपणे एका शब्दावर खर्च केली गेली. बायबलातील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, सातव्या अध्यायातील चौदाव्या वचनात, कुमारी गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल हे चिन्ह सांगितले आहे; तेथे मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ आहे आणि त्याचा अर्थ तरुण, लग्नाच्या वयाची मुलगी. कौमार्य नेमके दाखवायचे तर हिब्रूत ‘बथुला’ हा शब्द अधिक जवळचा. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी आला, आणि मत्तयाने आपल्या पहिल्या अध्यायात तोच उद्धृत केला. अमेरिकेत १९५२ साली निघालेल्या सुधारित इंग्रजी बायबलात यशयाच्या वचनापुरता ‘तरुण स्त्री’ हा शब्द घातला, तेव्हा तेथे मोठे वादळ उठले. मराठी बायबलाला मात्र ही अडचण फारशी जाचत नाही, असे फादर हसत म्हणाले, आणि फळ्यावर त्यांनी फक्त ‘कु.’ एवढेच लिहिले. शाळेच्या हजेरीपटावर मुलीच्या नावाआधी लागणारा तो ‘कु.’! आपण तो लिहितो तेव्हा वय सांगतो, अविवाहितपण सांगतो की आणखी काही, याचा विचार कोणी करत नाही. ‘कुमारी’ या एकाच शब्दाच्या पोटात अल्मा आणि पार्थेनोस दोघीही निमूट नांदतात. एका आजोबांनी कर्णाचा विषय काढला. संस्कृतात कन्येच्या पुत्राला ‘कानीन’ असा स्वतंत्र शब्दच आहे. फादरांनी तो टाळला नाही, पण कुंतीला सूर्यापासून मूल होते तसा संग लूकच्या कथेत नाही, एवढा फरक दाखवून ते पुढे गेले. येथे मला आणखी ऐकायला आवडले असते.

तिसऱ्या संध्याकाळी गाडी रुळावरून घसरली. वक्ते बदलले होते, आणि पुस्तिकेच्या अकराव्या पानावरचे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले: मधमाशांमध्ये पित्यावाचून जन्म होतो, तेव्हा कुमारीच्या पोटी जन्म विज्ञानाने शक्य ठरवला आहे. या शास्त्रीय घटनेला ‘पार्थेनोजेनेसिस’ हे नाव त्याच ग्रीक शब्दावरून मिळाले, आपण मराठीत तिला अनिषेकजनन म्हणतो. नाव उसने घेतले म्हणून गोष्ट तीच होत नाही. मधमाशीचे मात्र खरे आहे. आमच्या पेटीतली सातेरी जातीच्या माशीची चौकट उचलून उन्हात धरली की नरांची घरे लगेच ओळखू येतात: कामकऱ्यांच्या घरांपेक्षा मोठी, टोपी फुगीर, आणि टोपीच्या बरोबर मध्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र. त्या घरात राणीने फलित न केलेले अंडे घातलेले असते. त्या नराला आई असते, बाप नसतो. ही गोष्ट १८४५ साली मांडणारा योहान झिएरझोन हा सायलेशियातला कॅथलिक धर्मगुरूच होता, आणि वक्त्यांनी नेमके तेच सांगितले नाही. पण त्या धर्मगुरूने आपल्या पोळ्यांतून जे दाखवले ते मधमाशांपुरते. इंग्लंडातील चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात २००६ साली कोमोडो ड्रॅगन या घोरपडीच्या कुळातल्या प्राण्याच्या मादीने नराशिवाय अंडी फलद्रूप केली हेही खरे. सस्तन प्राण्यांत मात्र मातेकडून व पित्याकडून आलेल्या काही जनुकांवर वेगवेगळी खूण असते आणि दोन्ही खुणा असल्याशिवाय गर्भ नीट वाढत नाही, हे १९८४ साली उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ साली दोन अंड्यांपासून एक उंदरीण वाढवली, पण त्यासाठी जनुकांत फेरफार करावे लागले आणि शेकडो प्रयत्नांतून तेवढी एकच प्रौढ झाली. आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी स्त्रीच्या अंड्यात मुलगा होण्यासाठी लागणारे वाय गुणसूत्र असतच नाही. अनिषेकजननाने तिला मूल झालेच तर ती मुलगी होईल. मी हे उभे राहून सांगितले, तेव्हा वक्ते म्हणाले, “सर, आपण तपशिलात शिरताहात.” तपशिलासाठीच तर आम्ही २०० रुपये भरले होते.

चौथ्या संध्याकाळी फादर परत आले आणि त्यांनी आदल्या दिवशीची बाजू सावरण्याऐवजी ती सरळ सोडून दिली. मधमाशीने किंवा घोरपडीच्या भाऊबंदांनी मरीयेची साक्ष द्यावी अशी आमच्या श्रद्धेची गरज नाही, असे ते म्हणाले. निसर्गात अधूनमधून घडणारी गोष्ट असती तर यशयाने तिला चिन्ह म्हटले नसते. मरीयेशी वाग्दान झालेल्या योसेफाला गर्भाची वार्ता कळली तेव्हा त्याने तिला गुपचूप सोडून देण्याचे ठरवले, कारण मुले कशी होतात हे नासरेथच्या सुताराला आपल्याइतकेच ठाऊक होते. मला हे उत्तर पटले नाही तरी प्रामाणिक वाटले, आणि तिसऱ्या दिवसाच्या उसन्या विज्ञानापेक्षा ते कितीतरी भक्कम होते. त्यानंतर आर.पी.डी. क्रॉस या चौकाकडून आलेल्या एका कॉलेजकन्येने प्रश्न विचारला. पूर्वी बीज बापाचे आणि आई म्हणजे केवळ शेत, असे लोक मानत. आपल्याकडेही बीज-क्षेत्राची भाषा तीच. १८२७ साली फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्याचे अंडे दाखवल्यावर आईचा वाटा अर्धा ठरला, तर मग येशूची बापाकडून यायची उरलेली २३ गुणसूत्रे कोठून आली? फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, शुभवर्तमान याचे उत्तर देत नाही, आणि मी माझ्या पदरचे देणार नाही.” सभागृहात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चहाच्या वेळी त्या मुलीभोवती गर्दी जमली.

व्यवस्थेविषयी थोडक्यात: ध्वनिक्षेपक दोन दिवस खरखरत होता, वर्ग रोज अर्धा तास लांबत असल्यामुळे खानापूरच्या शेवटच्या बसची धाकधूक असे, आणि पुस्तिकेत ‘गुणसूत्र’ चार वेगवेगळ्या प्रकारे छापले आहे. शेवटच्या दिवशी चहाबरोबर कुंदा होता, तो उत्तम. दोन संध्याकाळींचेच पैसे घेतले असते तर दुसरी आणि चौथी मी पुन्हा आनंदाने ऐकली असती. तिसरीला जाण्यापूर्वी आठवी-नववीचे जीवशास्त्राचे पुस्तक चाळून जावे. पुढच्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, हा वर्ग पुन्हा व्हायचा आहे. अकरावे पान बदलण्याचे फादरांनी कबूल केले आहे, आणि नरांच्या घरांची एक रिकामी चौकट घेऊन येण्याचे मी.