सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातील तीन जुन्या वास्तू

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालय १८ सप्टेंबर १८७५ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्या देशातल्या सर्वांत जुन्या प्राणिसंग्रहालयांत त्याची गणना होते; फिलाडेल्फियाचे प्राणिसंग्रहालय त्याहून अवघ्या एका वर्षाने मोठे. आज बहुतेक लोक येथे येतात ते २०१७ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मून जगलेल्या फियोना या पाणघोडीला पाहण्यासाठी. त्या गर्दीतून थोडे बाजूला होण्याची तयारी असेल, तर १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेल्या तीन इमारती स्वतंत्रपणे वेळ काढून पाहाव्यात, अशी माझी शिफारस आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे घर हे त्यांतले पहिले. जेम्स मॅकलॉफ्लिन या वास्तुविशारदाने १८७५ मध्ये ते माकडांसाठी बांधले. गोलाकार आराखडा, वर घुमट आणि मूरिश (उत्तर आफ्रिका व स्पेनमधल्या मुस्लिम स्थापत्याच्या) वळणाची सजावट, असे त्याचे रूप आहे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या इमारतींमध्ये ही सर्वांत जुनी मानली जाते. माकडे गेली आणि साप-सरडे आले, पण इमारत रिकामी पडली नाही, ही तिची जमेची बाजू आहे. वापरात असलेल्या वास्तूची डागडुजी आपोआप होत राहते.

हत्तीघर १९०६ चे असून पाहताक्षणी नजरेत भरते ते हेच. त्याचे वास्तुविशारद एल्झनर आणि अँडरसन यांनीच याच शहरात, काही वर्षे आधी, सोळा मजल्यांची इंगल्स इमारत उभी केली होती, जी प्रबलित (आत पोलादी सळ्या घातलेल्या) काँक्रीटची जगातील पहिली गगनचुंबी इमारत म्हणून ओळखली जाते. अशा आधुनिक हातांनी हत्तींसाठी मात्र घुमटांचे, ताजमहालाची आठवण करून देणारे घर बांधावे, याचे भारतीय पाहुण्याला हसूही येते आणि कौतुकही वाटते. तो त्या काळाचा रिवाजच होता. प्राणी ज्या देशातला, त्या देशाच्या शैलीचे त्याचे घर, या न्यायाने बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात तर १८५६ मध्ये चक्क इजिप्शियन मंदिर उभे राहिले होते. घुमटाखालच्या प्राण्याला त्या शैलीचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नसावा. हत्तींना फिरायला मोकळी जागा हवी असते, ती या देखण्या घरात कधीच पुरेशी नव्हती. २०२४ मध्ये त्यांच्यासाठी कितीतरी विस्तीर्ण नवे आवार खुले झाले, हे योग्यच झाले. वास्तू म्हणून हत्तीघराला मी पूर्ण गुण देईन, निवारा म्हणून नाही.

तिसरी वास्तू आकाराने अगदी लहान, आणि माझ्या मते तिन्हींत सर्वाधिक मोलाची आहे. पॅगोडासारख्या छपराचे हे पक्षिगृह १८७५ मध्ये बांधलेल्या सात पक्षिगृहांपैकी एक होय. याच पक्षिगृहात १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था नावाची मादी मरण पावली आणि तिच्याबरोबर प्रवासी कबूतर ही जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. एकेकाळी उत्तर अमेरिकेत या पक्ष्यांची संख्या तीन ते पाच अब्ज असावी, असा अंदाज आहे. त्यांचे थवे कुठे उतरले आहेत याची खबर तारायंत्राने मिळू लागली, मारलेले पक्षी रेल्वेने शहरांच्या बाजारात पोहोचू लागले, जंगलेही तुटत गेली, आणि काही दशकांत हा प्रचंड समुदाय संपला. मार्थाचा देह बर्फाच्या मोठ्या लादीत गोठवून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आला. पुढे २१ फेब्रुवारी १९१८ रोजी इंकास हा कॅरोलिना पोपटांपैकी शेवटचा ज्ञात बंदिस्त नरही येथेच मेला. दोन नामशेष जातींचे शेवटचे ज्ञात बंदिस्त पक्षी एकाच छपराखाली मेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

जतनाच्या दृष्टीने एक गोष्ट खटकते. १९७० च्या दशकात बाकीची सहा पक्षिगृहे पाडली गेली आणि हे एकटे मूळ जागेवरून हलवून स्मारक म्हणून ठेवण्यात आले. सात पक्षिगृहांची रांग कशी दिसत असेल, ती एका नमुन्यावरून कळत नाही. तरीही वाचवायचे एकच होते, तर निवड अचूक झाली. २०१४ मध्ये, मार्थाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, आतल्या प्रदर्शनाचे नूतनीकरणही झाले.

मुले बरोबर असतील तर आधी फियोना आणि साप दाखवून घ्यावेत, हत्तीघर बाहेरून सावकाश पाहावे आणि पक्षिगृह शेवटी ठेवावे. हलत्या-बोलत्या प्राण्यांची ओढ भागल्याशिवाय मुले तेथे थांबत नाहीत, आणि मोठ्यांना तेथली माहिती नीट वाचायला निवांतपणा लागतो. सुट्टीचा दिवस टाळणे केव्हाही बरे.